कोकॅनी आणि बास एकाच फेरीत? या चुका टाळा

आधी एक खुलासा. कोकॅनीचा कोकणाशी काडीचाही संबंध नाही. घरच्यांना हे पटवण्यात माझे दोन रविवार गेले. समुद्राचं तोंडही न पाहता जन्मभर गोड्या पाण्यात राहणारा हा सॉकाय सामन (सॅल्मन) मासा. कॅलिफोर्नियात नापा काउंटीतल्या लेक बेरिएसामध्ये तो सोडतात. १९५७ साली पुटा क्रीकवर मॉन्टिसेलो धरण पूर्ण झालं आणि त्याच नावाचं जुनं गाव पाण्याखाली गेलं, तेच हे पाणी. बास हा दुसरा मासाही इथेच मिळतो. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली आपली मंडळी पहाटे निघतात आणि एकाच रॉडवर दोन्ही मासे काढायला बघतात. गडबड तिथेच होते.

बासला हिसका लागतो. कोकॅनीचं तोंड मात्र ओल्या कागदासारखं. पहिल्यांदा माझा रॉड वाकला तेव्हा मी बासच्या सवयीने जोरात खेचलं. वर आला तो रिकामा गळ, टोकाला ओठाची पातळ चकती. तेव्हापासून कोकॅनीसाठी मऊ, लवचिक रॉड वेगळा ठेवतो, ड्रॅग (रिळावरची दोरी अडवणारा ब्रेक) सैल ठेवतो आणि हिसका अजिबात देत नाही. मासा बोटीजवळ आला की पुन्हा उसळी घेतो, म्हणून जाळी आधीच पाण्यात धरायची.

दुसरी चूक खोलीची. कोकॅनीला साधारण ५० ते ५५ अंश फॅरनहाइटचं थंड पाणी मानवतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो खाली उतरतो, म्हणून डाउनरिगर, म्हणजे वजन लावून आमिष खोल नेणारं यंत्र, लागतोच. सोनारवर मासे ६० फुटांवर दिसले तर आमिष ५५ फुटांवर सोडा. तो वर बघत खातो, पायाखालचं त्याला दिसत नाही.

आमिष म्हणजे डॉजर (पाण्यात डोलणारी चकचकीत पट्टी), त्यामागे छोटी गुलाबी हूची (झालरीचं रबरी आमिष) आणि गळाला पांढऱ्या मक्याचा दाणा. मका लसणात किंवा ट्यूनाच्या तेलात मुरवतात. आणि त्याच हाताला सनस्क्रीन! आधी हात धुवा, तो वास माशाला नको. डॉजर नुसता गरगर फिरत असेल तर बोट फार वेगात आहे. ताशी सव्वा मैलाच्या आसपास या, मग तो डावीकडे-उजवीकडे डोलायला लागतो. सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी चला. वळताना बाहेरच्या बाजूचं आमिष वेग घेतं, आतलं मंदावतं. मासा बाहेरच्या रॉडवर लागला तर वेग थोडा वाढवा, आतल्यावर लागला तर कमी करा.

दोघंही पहाटे जास्त खातात, ही खरी अडचण. माझ्या मते नऊपर्यंत कोकॅनी करावा, मग डाउनरिगर गुंडाळून सावलीतल्या खडकाळ टोकांकडे वळावं. तिथे इंजिन चालू ठेवून किनाऱ्याला चिकटणं ही हमखास चूक. लांबूनच ड्रॉपशॉट (टोकाला वजन, त्याच्या वर गळ) टाका, तळाला टेकू द्या आणि घाई करू नका. दुपारी वारा सुटला तर बासचा नाद सोडा, धक्क्याकडे निघा.

सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचं लायसन्स लागतं. रोजची मर्यादा निघण्याआधी बघून घ्या. बोट कोरडी आणि स्वच्छ हवी, कारण शिंपल्यांच्या उपद्रवामुळे तपासणी होते.

कोकॅनी पकडल्यावर बादलीत ठेवून फोटो काढत बसू नका. कल्ला कापून रक्त वाहू द्या आणि लगेच बर्फात घाला, नाहीतर ते नारिंगी मांस पिठूळ होतं. घरी हळद-मीठ लावून रव्यात तळताना तेल बेतानेच घ्या, याच्या अंगचंच बरंच सुटतं.