दिवाळीची पोस्त देताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये दरवर्षी तीच कुजबुज सुरू होते, तुम्ही मावशींना किती देताय हो, आम्ही गेल्या वर्षी साडी दिली होती, यंदा बघू काय ते. पोस्त म्हणजे वर्षभर आपल्याकडे काम करणाऱ्यांना दिवाळीला द्यायचा बोनस, पण त्याचा आकडा कुणीच सांगत नाही, सगळे एकमेकांचा अंदाज घेत बसतात आणि शेवटी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घाईघाईत काहीतरी हातात टेकवलं जातं. मीपण बरीच वर्षं हेच केलंय. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी माझ्या हातून झाल्यात, म्हणूनच लिहितेय.

आधी आकड्याचं बोलूया कारण सगळा घोळ तिथेच होतो. ज्या ठिकाणी २० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतात तिथे कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा लागतो, जास्तीत जास्त २० टक्के. आता हे ८.३३ काय प्रकरण आहे? १०० ला १२ ने भागा, येतं ८.३३. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, सरळ एक महिन्याचा पगार. आपल्या घरात काय २० माणसं कामाला नसतात, त्यामुळे भांडी-लादी करणाऱ्या ताईंना हा कायदा लागू होत नाही, त्यांचा बोनस सगळा आपल्यावरच अवलंबून. पण वर्षभर काम केलेल्या माणसाला एक महिन्याचा पगार ही जी घरोघरची रीत आहे ना, ती बरोबर त्याच हिशोबात बसते. त्यामुळे "आपल्या मनाला येईल ते" असं नसतं ते, त्यांनी त्यांचं वर्षाचं गणित त्या पैशावर मांडलेलं असतं.

वर्ष पूर्ण झालेलं नसेल तर काहीच द्यायचं नाही, ही पहिली चूक. सात महिने झालेत आणि पगार ३,००० आहे तर ३,००० गुणिले ७ भागिले १२, झाले १,७५०, इतकं सोपं आहे. आणि मधेच कुणी काम सोडून गेल्या असतील, आजारपणामुळे म्हणा किंवा घर लांब गेलं म्हणून, तर त्यांच्या महिन्यांचा हिस्सा त्यांचाच आहे. फोन नंबर असतोच आपल्याकडे, एक फोन करून बोलवायचं. आमच्याकडे आठ महिने काम करून गेलेल्या ताईंना मी असा फोन केला तेव्हा त्या पलीकडे थोडा वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या असं कुणी बोलवत नाही हो ताई.

उशीर करू नका

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त घरांत होणारी. पगार १ ते ५ तारखेला देतो तेव्हाच बोनस देऊ असं आपण ठरवतो. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, भाऊबीज २३ ला, म्हणजे ज्यांनी पगारासोबत बोनस दिला त्यांनी तो नोव्हेंबरात दिला, दिवाळी कधीच संपली होती. मुलांचे कपडे, तेल, रवा, बेसन, पणत्या ही सगळी खरेदी आधी होते ना, आपण नाही का करत आधी? मग त्यांनी ती उधारीवर करायची आणि आपला बोनस आला की दुकानदाराला नेऊन द्यायचा. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, पण त्यामुळे पगाराची वाट बघा असं मी म्हणणार नाही. वसुबारसेच्या निदान आठ-दहा दिवस आधी द्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तर बऱ्याच घरांत पैसे बाहेर देत नाहीत, मग "उद्या या" होतं आणि दुसऱ्या दिवशी आपणच बाहेर गेलेलो असतो.

साडी, मिठाई आणि ऑफिसातून आलेला बॉक्स

वस्तू देऊ नये असं नाही, पण पैशांच्या ऐवजी देऊ नये. एक ताई चार घरी काम करतात असं धरा, चारही घरांनी साडी आणि मिठाई दिली तर चार साड्या आणि चार किलो मिठाई झाली, आणि मुलाच्या क्लासची फी तशीच राहिली. रोख रक्कम पूर्ण द्या, वर फराळाचा डबा द्यायचा तर प्रेमाने द्या, आपण खातो तोच द्या. ऑफिसमधून आलेला बॉक्स पुढे सरकवायचा असेल तर निदान त्यावरची तारीख बघा आणि त्यावर दुसऱ्याच कुणाच्या नावाचं शुभेच्छापत्र चिकटलेलं नाही ना तेही बघा, हे मी एका घरी डोळ्यांनी पाहिलंय आणि घेणाऱ्या ताईंना वाचता येत होतं. वापरलेले कपडे द्यायचे असतील तर वर्षभरात केव्हाही विचारून द्या, दिवाळीची भेट म्हणून नको.

उचल आणि खाडे यातून कापू नका

हे माझ्याकडून झालंय आणि अजून टोचतं. आमच्या मावशींनी पावसाळ्यात ५,००० ची उचल घेतली होती, घराचे पत्रे बदलायला. दिवाळीला मी हिशोब करून म्हटलं की बोनसमध्ये उचल फिटली, आता तुमच्यावर काही नाही. मला वाटलं मी त्यांचं ओझं उतरवलं. त्या फक्त "बरं" म्हणाल्या. नंतर शेजारच्या काकूंकडून कळलं की मावशींनी त्या काकूंकडून उचल घेऊन दिवाळी केली. उचल दर महिन्याच्या पगारातून थोडी थोडी वळती करायचं ठरलं असेल तर ती तशीच वळती होऊ दे, बोनस अख्खा हातात पडला पाहिजे. खाड्यांचंही तसंच, ते ज्या त्या महिन्यात धरलेले असतात, दिवाळीला परत वही उघडायची नाही.

आणि दिवाळीआधीची जादाची साफसफाई, माळे काढणं, पंखे पुसणं, जाळ्या धुणं, हे रोजच्या कामात येत नाही. त्याचे पैसे वेगळे, आधी ठरवून. "बोनस देतोय ना, मग एवढं करा" हे वाक्य तर नकोच.

"बोनस घेतला आणि काम सोडलं तर?" हा प्रश्न मला खूप जणींनी विचारलाय. सोडलं तर सोडलं, तो झालेल्या वर्षाच्या कामाचा होता, पुढच्या वर्षाचा अ‍ॅडव्हान्स नव्हता. या भीतीने अर्धे आता, अर्धे भाऊबीजेनंतर असं करणारे लोक आहेत, कृपया करू नका. भाऊबीजेला सुट्टी पण द्या, पगारी, त्यांनाही भाऊ आहेत.

कुणाच्या हातात देताय ते बघा

हल्ली आपण पटकन यूपीआय करून मोकळे होतो. पण मावशींनी दिलेला नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, आणि पैसे तिथे गेले की त्यांच्या हाताला लागतीलच याची खात्री नसते. एकटं असताना हळूच विचारा, रोख देऊ की खात्यात, आणि खातं तुमचंच आहे ना. रोख द्यायचे तर पाकिटावर नाव लिहून, त्यांच्या हातात, पाहुण्यांसमोर नाही, आणि मुलाच्या हातून देवून फोटो काढणं तर अजिबात नाही. सगळ्या नोटा ५०० च्या देण्यापेक्षा थोडे सुट्टेही ठेवा, बाजारात बरे पडतात.

वॉचमन, सफाईवाले आणि सोसायटीची वर्गणी

इथे चूक वेगळीच होते. वर्गणी काढतात, नोटीस बोर्डावर फ्लॅट नंबर आणि समोर रक्कम लावतात, मग लाजेखातर लोक देतात आणि मनात राग धरतात. यादी लावायचीच तर कुणाला किती वाटले त्याची लावा, कुणी किती दिले त्याची नको. रात्रपाळीचा वॉचमन आणि रविवारी बदली येणारा सफाईवाला हे हमखास सुटतात, कारण वाटप सकाळी अकराला होतं. दुसरं म्हणजे वॉचमन बऱ्याचदा एजन्सीचे असतात, आणि एजन्सीकडे २० किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याचा बोनस देणं एजन्सीचं काम आहे. कमिटीने एजन्सीला सरळ विचारायला पाहिजे की दिला का, दाखवा. आपल्या वर्गणीच्या नावाखाली त्यांचा हक्काचा बोनस बुडायला नको.

पेपरवाला, दूधवाला, इस्त्रीवाला, गाडी धुणारा यांचं फार अवघड नाही. महिन्याचं ठरलेलं असेल तर एक महिन्याचं, नाहीतर जमेल तशी पोस्त, पण दरवर्षी. गॅस सिलिंडर घरी पोचवायचा खर्च बिलातच धरलेला असतो, तेव्हा दर वेळी वरचे पैसे द्यावेच लागतात असं नाही, पण तीन जिने चढून आणणाऱ्याला दिवाळीला काही देणं मला योग्य वाटतं. पोस्टमनकाका सरकारी नोकर, त्यांना बोनस खात्याकडून मिळतो, त्यांना फराळ द्या, पाणी विचारा, पाकिटाची सक्ती मानू नका. आणि छापील कार्ड घेऊन अनोळखी लोक पोस्त मागायला दारात आले तर आधी विचारा कुठल्या गल्लीला काम करता, खरा माणूस लगेच सांगतो.

डिलिव्हरीवाल्यांचं काय

रोज वेगळा माणूस येतो म्हणून आपण कुणालाच देत नाही. मी दिवाळीच्या आठवड्यात दाराजवळ एका वाटीत २० आणि ५० च्या नोटा ठेवते, जो येईल त्याला. अ‍ॅपमध्ये टिप देता येते तिथे द्या, पण दारात एकदा "टिप टाकलीय हं" सांगा, त्याला बरं वाटतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ऑर्डर करायचीच असेल तर फोन जवळ ठेवा, ओटीपी तयार ठेवा, गेटवर नाव सांगून ठेवा, कारण त्याला थांबवलेली दहा मिनिटं म्हणजे त्याची पुढची ऑर्डर. टिप दिली म्हणून रेटिंग विसरू नका, त्याला दोन्ही लागतं. क्यूआर तुम्ही स्कॅन करून पैसे द्या, आणि कुणी फोनवर "टिप परत करतो, पिन टाका" म्हणालं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

यंदा खरंच जमत नसेल तर

नोकरी गेली, दवाखाना झाला, असं होतं. मग महिनाभर आधी सांगा, की मावशी यंदा अर्धेच जमतील, उरलेले अमुक महिन्यात देईन, आणि तो महिना आला की आठवणीने द्या, त्यांना मागायला लावू नका. न सांगता कमी पाकीट देणं सगळ्यात वाईट, त्यांना वाटतं आपलं काही चुकलं.

एक काम बिनपैशाचं आहे तेही यासोबत उरकून टाका. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची त्यात नोंदणी होते आणि अर्जाला आपण कामाला ठेवल्याचा दाखला लागतो. खूप जणी हा दाखला मागायला लाजतात. आमच्या मावशींनी तीन वर्षं मागितला नव्हता, मी यंदा पाकिटासोबत सही करून ठेवला तर त्यांनी आधी तोच उघडून वाचला.