मांजर-कुत्र्याच्या नसबंदीची तयारी आणि आदल्या रात्रीचा उपास

आमच्या चिंगी मांजरीची नसबंदी ठरल्या दिवशी होऊ शकली नाही, आणि तो दोष सर्वस्वी माझा होता. आता बोक्यासाठी तारीख घेतली आहे, म्हणून ही तयारी नीट लिहून काढत आहे. ज्यांच्या घरी पाच-सहा महिन्यांचे मांजर किंवा कुत्रे आहे, त्यांनी ती आजच वाचावी, कारण मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते आणि गाभण राहिल्यापासून साधारण नऊ आठवड्यांत विते.

खर्चाची चौकशी आधी करावी. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यातील शुल्क खासगीपेक्षा बरेच कमी असते, परंतु शस्त्रक्रिया कोणत्या वारी होतात आणि भुलीची औषधे बाहेरून आणावी लागतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. खासगी ठिकाणी केवळ रक्कम विचारून परत येऊ नये. त्या रकमेत रक्ततपासणी, भूल, नंतरची इंजेक्शने, जखम चाटू नये म्हणून घालायची गळ्यातील कॉलर आणि टाके काढणे धरले आहे की नाही, हे विचारल्याशिवाय स्वस्त-महाग कळत नाही. गल्लीतील भटक्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे आणि कुत्रे जिथून उचलले तिथेच परत सोडावे लागते. त्यांच्यासाठी महापालिकेकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

रेबीजची लस आधी झालेली असावी. वजन करून घ्यावे. कुत्री माजावर असेल तर तसे स्पष्ट सांगावे, कारण त्या काळात रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि डॉक्टर बहुधा पुढची तारीख देतात. मांजराला पिशवीत किंवा पोत्यात नेऊ नये. झाकणाची टोपली असेल तर झाकण दोरीने बांधावे. रिक्षाच्या आवाजाने घाबरलेले मांजर हातातून निसटले तर ते शोधण्यात दिवस जातो.

आता उपास, आणि इथे मी घाई करणार नाही. भुलीच्या आधीचे इंजेक्शन दिल्यावर मांजराला अनेकदा उलटी होते. पोटात अन्न असेल आणि शुद्ध हरपत असेल तर ती उलटी श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसात उतरू शकते, आणि त्याने जीव जातो. म्हणून मोठ्या मांजर-कुत्र्याला साधारण रात्री नऊनंतर खायला देऊ नये. पाणी कधी काढायचे ते डॉक्टर सांगतील. अगदी लहान पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नये, त्याच्या रक्तातील साखर उतरते. त्याची वेळ वेगळी विचारून घ्यावी.

हे सर्व मला माहीत होते. घरात सर्वांना सांगितले होते, ताटल्या उचलल्या होत्या, कचऱ्याचा डबाही बाहेर ठेवला होता. शेजारी मात्र सांगितले नव्हते. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत घरे भिंतीला भिंत लागून आहेत. चिंगी पहाटे न्हाणीघराच्या झरोक्यातून शेजारच्या काकूंकडे गेली, आणि ती भुकेने ओरडते आहे हे पाहून त्यांनी मायेने तिच्यापुढे वाटीभर दूध ठेवले. दवाखान्यात पहिल्याच इंजेक्शनला ते दूध बाहेर आले. ती पूर्ण शुद्धीवर होती म्हणून वाचली. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली, तोवर ती गाभण राहिली, आणि चार पिल्लांपैकी दोन पावसाळ्यात गेली. तेव्हा शेजारी सांगावे. वरच्या मजल्यावर सांगावे, कामाला येणाऱ्या मावशींना सांगावे, दूध घालणाऱ्यालाही सांगावे, कारण उपाशी जनावर ज्याच्या दारात जाते तो माणूस दयाळूच असतो. सोमवारची तारीख शक्यतो टाळावी. रविवारी कोल्हापुरात बहुतेक घरांत मटण असते आणि कुत्र्याला हाडे कोण कधी टाकेल याचा भरवसा नाही. मांजराला आदल्या रात्रीच एका खोलीत कोंडावे, झरोका स्वतः पाहावा आणि दारावर ‘खायला देऊ नये’ असा कागद लावावा. तरीही सकाळी निघण्यापूर्वी शेजारी पुन्हा एकदा विचारावे. काही खाल्ले असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. तारीख गेली तरी चालेल.

घरी आणल्यावर उबदार ठिकाणी जमिनीवरच ठेवावे आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. कॉलर दहा-बारा दिवस काढू नये, कितीही केविलवाणे दिसले तरी. जखमेवर हळद लावू नये. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, ते त्याच्यासाठी विष आहे. खोलीत फिनेल नको. पावसात भिजू देऊ नये. बोका असेल तर शस्त्रक्रियेनंतर महिनाभर तरी माद्यांपासून दूर ठेवावा, कारण त्या काळात गर्भधारणा होऊ शकते. टाके काढण्याची तारीख निघतानाच लिहून घ्यावी, आणि त्या दिवशीही काही खाऊ घालायचे की नाही ते विचारून शेजारी कळवावे.