निवडणुकीला उभं राहण्याआधी वर्गणीची पावती काढून बघा

आमच्या ग्रंथपाल संघटनेच्या निवडणुकीत छाननीच्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्यांनी माझा उमेदवारी अर्ज पुढ्यात ठेवला आणि सदस्य क्रमांकाच्या रकान्यावर पेन टेकवलं. "मॅडम, हा क्रमांक तुमच्या महाविद्यालयाचा आहे." अकरा वर्षं मी त्या संघटनेच्या एकूण एक अधिवेशनाला गेले होते, कार्यशाळा घेतल्या होत्या. सूचक, अनुमोदक, सगळं तयार होतं. अर्ज बाद.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्यातले बरेच जण इथेच फसतात. संस्थात्मक सदस्यत्व ग्रंथालयाचं असतं, ग्रंथपालाचं नसतं. वर्गणी लेखा विभाग भरतो, पावती ग्रंथालयाच्या नावाने येते. पण संघटनेचं पाकीट आपणच फोडतो, सभेत हातही आपणच वर करतो, म्हणून आपण सदस्य आहोत असं वाटत राहतं. प्रत्यक्षात आपण प्रतिनिधी असतो. नोकरी बदलली की तो क्रमांक मागेच राहतो. पदासाठी व्यक्तिगत सदस्यत्व लागतं, काही संघटनांत तर सलग काही वर्षांचं. म्हणजे चूक कळल्यावर लगेच पैसे भरूनही भागत नाही, मोजणी त्या दिवसापासून सुरू होते. मला तीन वर्षं थांबावं लागलं. तेव्हा आजच पावती काढा, त्यावर नाव कोणाचं आहे ते बघा. मग संघटनेची घटना, म्हणजे नियमावली, मागवून पात्रतेचं, थकबाकीचं आणि मतदार यादीच्या तारखेचं कलम स्वतः वाचा. कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. मी गेले होते.

"तुम्ही फक्त उभ्या राहा, मतं मी आणतो" म्हणणाऱ्या ज्येष्ठांपासून तर लांबच राहा. मला उपयोगी पडल्या त्या एक निवृत्त कोषाध्यक्ष. त्यांनी मला समितीच्या बैठकांची इतिवृत्तं लिहायला बसवलं. कंटाळवाणं काम, पण कोणता ठराव कुठे अडतो आणि पैसा कुठे संपतो ते त्यातूनच कळलं. थांबावं लागलं तरी ती वर्षं फुकट जात नाहीत, खरंच सांगते.

वेळेचा हिशेबही आधीच करा. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमध्ये निवडून आलेली व्यक्ती एक वर्ष नियोजित अध्यक्ष, एक वर्ष अध्यक्ष आणि एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून काम करते. १९२७ साली स्थापन झालेल्या इफ्लामध्ये, म्हणजे ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघात, नियोजित अध्यक्षाची दोन वर्षं आणि अध्यक्षपदाची दोन. तुमची संघटना लहान असली तरी बैठका भरायच्या त्या ऐन परीक्षांच्या दिवसांत किंवा ई-जर्नल्सच्या नूतनीकरणाच्या वेळी. प्राचार्यांशी अर्ज भरण्याआधी बोला, निवडून आल्यावर नाही.

आणि निवेदनात पदव्या, शोधनिबंध ओतू नका. मतदारांकडेही तेच आहे. कोणतं एक काम करणार ते लिहा. दुसऱ्या अर्जाच्या वेळी मी एवढंच लिहिलं की अर्जाच्या नमुन्यात "व्यक्तिगत" हा शब्द घालून घेईन आणि वर्गणी संपण्याआधी प्रत्येक सदस्याला पत्र जाईल. सहसचिव म्हणून निवडून आले. शब्द पहिल्याच बैठकीत घातला गेला, पत्रांचं काम अजून चालू आहे.