डब्लिनला नवीन आलात? मग इथली ‘आरबीआय’ समजून घ्या

नवीन आलेले लोक हमखास विचारतात, इथली आरबीआय कुठली? आहे ना, सेंट्रल बँक ऑफ आयर्लंड, १९४३ पासूनची, ऑफिस नॉर्थ वॉल की नावाच्या धक्क्यावर, अगदी लिफी नदीच्या काठाला. फक्त आपल्या डोक्यातली आरबीआय तिथे शोधू नका.

व्याजदर इथे ठरतच नाही. १९९९ ला युरोत गेल्यापासून ते काम फ्रँकफर्टला, ईसीबीत, म्हणजे युरोपियन सेंट्रल बँकेत. इथले गव्हर्नर मीटिंगला बसतात पण मतदान आळीपाळीने, पाच मोठ्या देशांत ४ मतं आणि उरलेल्या सगळ्यांत मिळून ११, म्हणजे एखाद्या महिन्यात आपले साहेब नुसतं बोलून परत. तेव्हा रेट वाढला की नॉर्थ वॉल कीच्या नावाने खडे फोडू नका.

पण घरासाठी लोन किती मिळणार ते मात्र हीच बँक ठरवते. २००८ ला घरांच्या किमती आणि बँका दोन्ही कोसळल्या, २०१० ला देशाला बाहेरून पैसे घ्यावे लागले, त्या चटक्यानंतर २०१५ ला मॉर्गेजचे नियम आले. आज पहिलं घर घेणाऱ्याला ग्रॉस पगाराच्या ४ पट (२०२३ च्या आधी साडेतीन पट होतं) आणि किमान १० टक्के डिपॉझिट. दोघांचा मिळून १ लाख युरो पगार असेल तर ४ लाख, बस. काहींना जास्तीचं मिळतं, पण ते आपल्यालाच मिळेल असं धरून घरं बघत फिरू नका.

आता सेंट्रल क्रेडिट रजिस्टर, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची सेंट्रल बँकेतली नोंद, हे नीट वाचा. ५०० युरो किंवा वरचं प्रत्येक लोन, क्रेडिट कार्ड यात येतं आणि लोन संपल्यावरही ५ वर्षं राहतं. मी अकाउंट बदललं, कार्डाचं डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप पैसे कापणं) जुन्यालाच राहिलं, हप्ता चुकला आणि मी निवांत महिनाभर गावी. रक्कम किरकोळ होती, पण मॉर्गेजच्या वेळी समोरच्या बाईंनी स्क्रीन वळवून नेमका तोच महिना दाखवला, घामच फुटला. रिपोर्ट फुकट मिळतो, अर्जाआधी मागवा.

बँक बुडाली तर एका बँकेत माणशी १ लाख युरोपर्यंत सेफ, ती स्कीमही हीच चालवते. जास्त असतील तर दोन बँकांत ठेवा. आणि फोनवर कोणी भारी रिटर्नची स्कीम गळ्यात मारत असेल तर आधी सेंट्रल बँकेच्या परवानाधारक कंपन्यांच्या रजिस्टरमध्ये कंपनीचं नाव बघा.

बँकेबद्दलची तक्रार मात्र सेंट्रल बँकेकडे नाही, आधी तुमच्या बँकेकडे लेखी, नाही जमलं तर फायनान्शियल सर्व्हिसेस अँड पेन्शन्स ओम्बड्समनकडे. मीही आधी चुकीचं दार ठोठावून आलोय.

आणि भाड्याच्या घरात कपाटाच्या तळाशी जुनी आयरिश २० पौंडाची नोट सापडली तर फेकू नका, सेंट्रल बँक अजून बदलून देते, २५ युरो ३९ सेंट होतात. घरमालकाला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.