सर्व्हला जोर नाही? मग रमेश कृष्णनचा खेळ शिका

टेनिस शिकायला आलेल्या माणसाला महिन्याभरात एक काळजी लागतेच: माझ्या सर्व्हला जोर नाही, माझं कसं होणार? मी पुण्यात सकाळी मोठ्यांची आणि संध्याकाळी मुलांची बॅच घेते. प्रश्न दोन्हीकडे तोच असतो. संध्याकाळी तो मुलांच्या आधी पालकच विचारतात. मी सगळ्यांना एकच नाव सांगते.

रमेश कृष्णन हा मद्रासचा टेनिसपटू, जन्म १९६१. आजोबा टी. के. रामनाथन टेनिस खेळायचे. वडील रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले होते, तेही हळुवार हातानं खेळून. रमेशनं १९७९ मध्ये फ्रेंच आणि विम्बल्डन अशी मुलांची दोन्ही विजेतेपदं मिळवली आणि मोठ्यांच्या टेनिसमध्ये उतरला. तिथे तोवर ताकदीचे दिवस सुरू झाले होते. त्याची सर्व्ह इतकी सौम्य की समोरचा खुशाल दोन पावलं पुढे येऊन उभा राहायचा. तरीही तो तीनदा ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धांच्या, उपांत्यपूर्व फेरीत गेला: यूएस ओपनमध्ये १९८१ आणि १९८७ ला, विम्बल्डनला १९८६ मध्ये. १९८१ ला त्यानं जॉन मॅकेन्रोकडून पहिला सेट घेतला होता, आणि मॅकेन्रो त्या वर्षी ती स्पर्धा जिंकला. १९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मॅट्स विलँडर जगात पहिला आणि गतविजेता होता. रमेशनं त्याला दुसऱ्या फेरीत सरळ तीन सेटमध्ये हरवलं.

हे कसं जमायचं, ते आपल्याला कोर्टवर शिकता येतं.

सुरुवात उभं राहण्यापासून. आपण जोराच्या फटक्याला घाबरून बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, मागे सरकतो आणि चेंडू खाली येईपर्यंत वाट बघतो. रमेश रेषेला चिकटून उभा राहायचा आणि टप्पा पडून चेंडू वर येत असतानाच घ्यायचा. याचा फायदा दुहेरी. चेंडूत समोरच्याचाच जोर शिल्लक असतो, तो तुम्हाला आयता मिळतो. शिवाय समोरच्याला सावरायला वेळ उरत नाही. तुमचा फटका मंद असला तरी त्याच्यापर्यंत लवकर पोचतो.

यासाठी माझा एक सराव आहे. कोर्टच्या मागच्या जाळीला पाठ करून उभे राहा, जाळी आणि पाठ यांत हातभर अंतर ठेवा. जोडीदार समोर चार-पाच पावलांवरून हातानं चेंडू टाकेल. रॅकेट मागे गेली की तारेवर आपटते आणि खण्ण आवाज येतो. पहिल्या दिवशी पूर्ण वेळ तोच आवाज ऐकू येतो. मग खांदे वळायला लागतात, रॅकेट अंगाजवळ राहते आणि चेंडू रॅकेटच्या मध्यावर बसायला लागतो. माझ्या सकाळच्या बॅचमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या एक ताई आहेत. मनगट दुखतं म्हणून त्या टेनिस सोडायच्या बेतात होत्या. आता त्या बेसलाइनवर उभ्या राहून तरण्या मुलांचे फटके नुसत्या अडवतात, आणि चेंडू थेट पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पडतो. रॅकेटची पकड सैल ठेवा, घट्ट आवळलेल्या मुठीतून हा फटका निघत नाही. चेंडू लागतानाच्या क्षणापुरती बोटं आपोआप आवळतात, तेवढं पुरे.

हात मऊ हवेत तर पाय जागे हवेत. रमेशची चाल इतकी निवांत वाटायची की तो पळतच नाही असं लोक म्हणायचे. समोरचा फटका मारत असताना छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरा, मग चेंडूकडे लहान लहान पावलं टाका. लांब ढांग टाकलीत की तोल जातो आणि हात जोर करायला लागतो.

आता कोन, म्हणजे या खेळाचा गाभा. सिंगल्सचं कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर सरळ रेषेपेक्षा जवळजवळ १.४ मीटरनं जास्त भरतं. नेट मध्यभागी सुमारे ९१ सेंटिमीटर उंच, खांबांपाशी १.०७ मीटर. म्हणजे क्रॉसकोर्ट (तिरकं) मारताना जागा जास्त मिळते आणि नेटही खाली असतं. जोर नसलेल्यानं आपलं घर तिथेच बांधावं. दोन कोपऱ्यांत रिकामे डबे ठेवा आणि फक्त तिरके फटके मारा. समोरचा तिकडे खेचला गेला की मगच सरळ रेषेत चेंडू सोडा. घाई करून पहिल्याच चेंडूला सरळ मारू नका, समोरचा तिथेच उभा असतो.

सर्व्हचं काय, हे विचारायला तुम्ही थांबला असाल. मंद सर्व्हनं गुण मिळत नाही, पण ती गुण घालवतही नाही, अट एकच: ती सर्व्हिस बॉक्सच्या, म्हणजे सर्व्ह जिथे पडावी लागते त्या चौकटीच्या, शेवटच्या रेषेजवळ पडली पाहिजे. बॅकहँडकडे टाका, अधूनमधून थेट अंगावर. सर्व्ह करून झाली की चेंडू कुठे पडला ते बघत उभे राहू नका, लगेच पाय हलवा. रिटर्न जोरात येणार हे आधीच ठाऊक आहे, आणि तो जोर तुम्हाला हवाच आहे. एससाठी (समोरच्याला रॅकेटही न लावू देणाऱ्या सर्व्हसाठी) हट्ट धरणाऱ्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे: बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ते ओझं टाकू नका.

समोरचा नेटवर आला तर चेंडू त्याच्या पायाशी ठेवा, तो वाकून खेळला की डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच चेंडू. एवढंच, बाकी सरावानं येतं.

हे सगळं गवतावर कसं दिसतं ते बघायचं तर १९८७ च्या डेव्हिस कपमधल्या (देशांच्या संघांच्या स्पर्धेतल्या) भारत-ऑस्ट्रेलिया लढतीची चित्रफीत शोधा. सिडनीला उपांत्य लढतीत रमेशनं जॉन फिट्झगेराल्डला हरवलं, आणि २-२ अशी बरोबरी असताना निर्णायक सामन्यात वॉली मसूरला सरळ सेटमध्ये हरवून भारताला अंतिम फेरीत नेलं. ऑस्ट्रेलियाचंच मैदान, त्यांचंच गवत. माझ्या मते भारतीय टेनिसमधला याहून सुंदर विजय नाही. बघताना आवाज बंद करा. पहिल्यांदा चेंडू बघूच नका, फक्त रमेशचे पाय बघा. दुसऱ्यांदा फक्त त्याची रॅकेट किती मागे जाते ते बघा.

मग सामना खेळायला उतरा. पहिले चार गेम एकही फटका जिंकायला मारू नका, प्रत्येक चेंडू वर येतानाच घ्या आणि तिरका द्या. चार गेममध्ये समोरच्याचा कुठला हात कच्चा आहे ते दिसतं. पाचव्यापासून सर्व्ह त्याच बाजूला.