आधी खुंट, मग जात: अलॉटमेंटवरच्या छोट्या सफरचंदाची तयारी

ब्रिटनमध्ये अलॉटमेंटवर, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर, सफरचंद लावायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती जातीची. कॉक्स की डिस्कव्हरी, लाल की खरखरीत तपकिरी सालीचं रसेट. पण झाड किती वाढणार, कितव्या वर्षी फळणार, त्याला जन्मभर काठीचा आधार लागणार का, हे मुख्यतः खुंट ठरवतो, म्हणजे ज्या मुळांवर त्या जातीचं कलम बांधलंय तो खालचा भाग. म्हणून ही यादी त्याच क्रमाने आहे: कागद, जागा, खुंट आणि मग जात. उघड्या मुळांची रोपं नोव्हेंबर ते मार्च मिळतात. चांगल्या जोड्या लवकर संपतात, तेव्हा नर्सरीकडे नोंदणी सप्टेंबरातच करावी.

कागद म्हणजे काउन्सिलशी किंवा अलॉटमेंट संघटनेशी झालेला करार. तो काढून झाडांबद्दलची अट नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी फळझाडाला लेखी परवानगी लागते, काही ठिकाणी फक्त बुटक्या खुंटावरचीच झाडं चालतात, झाडांची संख्या आणि हद्दीपासूनचं अंतरही ठरलेलं असतं. परवानगी मागताना अर्जात खुंटाचं नाव लिहा. नुसतं ‘सफरचंदाचं झाड’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सहा मीटरचा वृक्ष उभा राहतो आणि नकार येतो. प्लॉट सोडताना झाडाचं काय करायचं, तेही आत्ताच विचारून घ्या. चार वर्षांचं झाड उपटून नेलं तर बहुधा जगत नाही.

मग टेप घेऊन प्लॉटवर जा. पूर्ण प्लॉट परंपरेने दहा रॉडचा (रॉड हे जुनं ब्रिटिश माप), म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. हल्ली नव्याने मिळतो तो बहुतेक अर्धा, समजा ५ मीटर रुंद आणि २५ मीटर लांब. या ५ मीटरच्या पट्टीत ४ मीटर पसरणारं झाड मध्यभागी लावलं तर दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा-अर्धा मीटर उरतो. इथे सूर्य वर्षभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दुपारची सावली उत्तरेला पडते. झाड उत्तरेच्या टोकाला लावलं तर आपल्या वाफ्यांना ऊन मिळतं, पण पलीकडे शेजाऱ्याचे टोमॅटो असतील तर भांडणाला आमंत्रण. टोकाला पायवाट, शेड किंवा कंपोस्टचा ढीग असेल तिथली जागा सर्वांत सोयीची.

उतारावरच्या प्लॉटमध्ये सगळ्यात खालचा कोपरा टाळा. थंड हवा रात्री खाली साचते, आणि एप्रिलअखेर ते मे या काळात फुलं उमललेली असताना पारा उणे दोन अंशांवर उतरून दव गोठलं तरी फुलाच्या आतला भाग काळा पडतो. पाकळ्या बाहेरून ठीक दिसतात, फळ मात्र धरत नाही. निचराही तपासा: फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असेल तर एकतर जागा बदला नाहीतर २०-३० सेंटीमीटर उंचवटा करून त्यावर लावा. साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात, आणि ओल्या चिकणमातीत कँकर, म्हणजे फांदीची साल खचून फाटणारा बुरशीरोग, हमखास बळावतो. जागेवर आधीच्या भाडेकरूचं जुनं सफरचंद होतं का, हेही शेजाऱ्यांना विचारा. असल्यास तिथे पुन्हा सफरचंद नको. नवं झाड वर्षानुवर्षं खुरटलेलंच राहतं.

आता खुंट. इथले बहुतेक खुंट केंटमधल्या ईस्ट मॉलिंग या संशोधन केंद्राने निवडलेले किंवा तयार केलेले. १९१३ साली ते सुरू झालं. नावातला ‘एम’ मॉलिंगचा. ‘एमएम’ म्हणजे मॉलिंग आणि मर्टन या दोन संस्थांनी मिळून केलेली पैदास. पुढचा आकडा निवडीचा क्रमांक आहे, उंचीचा नाही, आणि घोळ इथेच होतो. एम २७ सगळ्यात बुटका, त्याहून मोठा एम ९, मग एम २६, त्यानंतर एमएम १०६, आणि एम २५ हा पार मोठ्या बागेतला. पंचवीस हा सत्तावीसपेक्षा लहान, म्हणून झाडही लहान असणार, या हिशोबाने एम २५ घेतलं तर पाच मीटरच्या वरचं झाड दारी येतं.

एम २७ वरचं झाड दीड ते पावणेदोन मीटरवर थांबतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळतं आणि वर्षाला साधारण पाच ते सात किलो देतं. पण त्याची मुळं फार दुबळी. माती भुसभुशीत, सकस हवी आणि बुंध्याशी गवताचं पातंही नको. वीकेंडलाच प्लॉटवर जाणाऱ्याने एम २७ च्या नादी लागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. एम ९ चं झाड दोन ते अडीच मीटरचं होतं आणि चांगल्या जमिनीत १५-२० किलोपर्यंत जातं; फळ हाताशी येतं, शिडी लागत नाही. मात्र याचीही मुळं ठिसूळ असतात. फळांनी लगडलेलं झाड ऑगस्टच्या वादळात मुळाशी मोडून आडवं होतं, म्हणून या दोन्ही खुंटांना काठी कायमची. एम २६ अडीच ते साडेतीन मीटर होतो. माती हलकी किंवा मध्यम असेल आणि पाणी द्यायला रोज जाणं जमत नसेल तर तोच बरा. एमएम १०६ चिवट आहे, लोकरी माव्याला दाद देत नाही, काठी चार-पाच वर्षंच लागते, पण चार मीटरपर्यंत वाढतो. अर्ध्या प्लॉटवर तो मोकळा वाढवू नका. तारेवर पसरवायचा असेल तर जरूर घ्या. अंतर धरायचं ते असं: एम २७ ला दीड मीटर, एम ९ ला अडीच ते तीन, एम २६ ला तीन ते साडेतीन, एमएम १०६ ला चार.

एकाच खुंटावर सगळ्या जाती सारख्या वाढत नाहीत, हे लक्षात असू द्या. ब्रॅमली मुळातच दांडगा, तो एम ९ वरही शेजारच्या सनसेटपेक्षा बराच मोठा होतो. लेबलवर नुसतं ‘ड्वार्फ’ किंवा ‘पॅटिओ’ लिहिलंय आणि खुंटाचं नाव नाही, असं सुपरमार्केटमधलं स्वस्त रोप सोडून द्या. एका खोडावर तीन जाती बांधलेलं ‘फॅमिली ट्री’ जागा वाचवतं खरं, पण त्यातली जोमदार जात छाटणीने दाबत राहिलं नाही तर पाच वर्षांत बाकीच्या दोघींना गिळून टाकते.

जात निवडताना चवीइतकंच महत्त्व फळ कधी पिकतं याला द्या, विशेषतः ज्यांची शाळेच्या सुट्टीत भारतवारी ठरलेली असते त्यांनी. डिस्कव्हरी ऑगस्टच्या मध्यापासून पिकते, झाडावरून तोडून खायला झकास, पण आठवडाभरात पिठूळ होते. तुम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतलात तर बरीचशी गवतात पडलेली सापडेल. त्यापेक्षा सनसेट, फिएस्टा किंवा एग्रीमाँट रसेट घ्या: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात तोडणी, आणि थंड शेडमध्ये ठेवली तर डिसेंबरपर्यंत टिकतात. कॉक्सची चव वादातीत असली तरी स्कॅब, भुरी, कँकर असं सगळं त्याला होतं. उत्तरेकडे आणि पश्चिमेच्या ओल्या हवेत तर त्याच्या वाटेला जाऊच नये. सनसेट त्याच चवीच्या जवळची आणि कितीतरी कमी कटकटीची.

स्वयंपाकघरासाठी ब्रॅमलीचा मोह होतो, आणि तो रास्त आहे. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी १८०९ च्या सुमारास लावलेल्या बीपासून आलेली ही आंबट जात कैरीच्या जागी तक्कूत, पन्ह्यात, मेथांब्यात छान चालते. (शिजवताना फोडी बघता बघता विरघळतात, तेव्हा मेथांब्यात गुळाचा पाक आधी करून फोडी शेवटी घालाव्यात.) पण ब्रॅमलीचे परागकण कुचकामी. त्याला दुसऱ्या जातीचं झाड लागतं, आणि त्या दुसऱ्याला ब्रॅमलीचा काहीच उपयोग नसल्याने तिसरंही लागतं, निदान दुसरं स्वफलित, म्हणजे स्वतःच्याच परागकणांनी फळणारं, तरी हवं. एकाच झाडाची जागा असेल तर ब्रॅमली दुकानातूनच आणलेलं बरं.

परागीभवनाचा हिशोब असा: बहुतेक सफरचंदांना त्याच वेळी फुलणारी वेगळी जात मधमाशीच्या टप्प्यात, शक्यतो वीस मीटरच्या आत, लागते. नर्सऱ्या फुलण्याच्या काळानुसार गट देतात, कुणी १, २, ३ असे तर कुणी ए, बी, सी असे. त्याच किंवा लगतच्या गटातली जोडी चालते. डिस्कव्हरी, सनसेट, फिएस्टा, कॉक्स, जेम्स ग्रीव्ह हे सगळे गट ३ मधले, एग्रीमाँट रसेट गट २ मधलं. एप्रिलच्या शेवटी अलॉटमेंटवर एक फेरी मारा आणि कुठल्या प्लॉटवर काय फुललंय ते लिहून ठेवा. शोभेचं क्रॅब ॲपलही जोडीदार म्हणून चालतं. आसपास काहीच नसेल तर स्क्रम्पशससारखी स्वफलित जात घ्या, किंवा एका झुडपाऐवजी तारेवर तिरके दोन कॉर्डन, म्हणजे छाटून एकाच खोडाची ठेवलेली झाडं, लावा: ४५ अंशांत, ७५ सेंटीमीटर अंतराने, तारा जमिनीपासून ६०, १२० आणि १८० सेंटीमीटरवर. वूस्टर पेअरमेन आणि ब्रॅमलीला बरीचशी फळं फांदीच्या टोकाला येतात, आणि कॉर्डनची उन्हाळी छाटणी नेमकी तीच टोकं उडवते. त्या जाती तारेवर नकोत.

भारतात गाजलेल्या एचआरएमएन ९९ किंवा अन्नाचा विचार इथे करू नका. त्या कमी थंडीत फुलणाऱ्या, उष्ण भागासाठीच्या जाती. ब्रिटनमध्ये लवकर फुलून गोठत्या थंडीत सापडतात. शिवाय वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बॅगेतून कलमकाडी आणणं बेकायदा आहे. खाल्लेल्या फळाची बी पेरणं हाही उपाय नाही. बीपासून मूळ जात मिळत नाही आणि झाड मात्र पूर्ण वाढीचं होतं.

रोप मागवताना एक वर्षाचं सरळ किंवा दोन वर्षांचं फांद्या फुटलेलं घ्या. चार-पाच वर्षांचं महागडं झाड रुजायला इतका वेळ घेतं की छोटं रोप त्याला गाठतं. हातात आल्यावर कलमाचा जोड बघा: बुंध्याजवळ थोडा फुगीर, वाकडा, पण साल पूर्ण भरून आलेली हवी. कुंडीतलं असेल तर ओढून मुळं तपासा, गोल गोल वेटाळलेली असतील तर परत करा.

लागवडीच्या आदल्या आठवड्यात एवढं सामान शेडमध्ये जमवा: १.८ मीटरची दणकट काठी, गादी असलेला रबरी पट्टा, सशांपासून वाचवणारी बुंध्याची जाळी, दोन बादल्या आणि दोन-तीन पाट्या कुजलेलं कंपोस्ट. रोप येईल त्या दिवशी जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली असली तर घाई नको. मुळं ओल्या मातीत तिरकी पुरून ठेवली की पंधरा दिवस सहज निघतात. मुळं वाऱ्यावर उघडी मात्र दहा मिनिटंही ठेवू नका.

खड्डा मुळांइतकाच खोल आणि त्यांच्या तिप्पट रुंद खणा. तळाशी शेणखत भरू नका, ते कुजून बसतं आणि झाड खाली जातं. आधी काठी ६० सेंटीमीटर खोल ठोका, वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे बहुतेक ठिकाणी नैर्ऋत्येला. माती भरल्यावर ठोकली तर मुळं तुटतात. मग खड्ड्यावर आडवी पट्टी ठेवून कलमाचा जोड जमिनीच्या किमान १० सेंटीमीटर वर राहतोय ना ते बघा. सगळ्या कामात ही एक गोष्ट चुकवू नये. जोड मातीत गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात, खुंटाचा लगाम सुटतो आणि एम ९ चे पैसे मोजून मोठं झाड पदरात पडतं. माती थोडी थोडी भरत पायाने दाबा, दोन बादल्या पाणी घाला, आणि कंपोस्ट वरून पाच-सात सेंटीमीटर पसरा, खोडाला न चिकटवता.

पहिल्या उन्हाळ्यात कोरड्या आठवड्यात दोनदा, दर वेळी दहा लिटर पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये गावाला जाणार असाल तर हे कुणावर तरी सोपवून जा. खोडापासून ६० सेंटीमीटरचं आळं गवताविना ठेवा. त्यात मेथी-कोथिंबीर टाकायचा मोह होतो, पण आळ्याच्या बाहेर टाका. काठीचा पट्टा वसंतात आणि शरदात सैल करा. ऑक्टोबरअखेर चिकट पट्टी बांधा ती खोडाला आणि काठीलाही. विंटर मॉथ या पतंगाच्या बिनपंखी माद्या काठीवरून चढून झाडावर जातात, आणि हे बरेच लोक विसरतात.

एम २७ आणि एम ९ वर पहिल्याच वसंतात फुलं येऊ शकतात. फळं वाटाण्याएवढी झाली की सगळी खुडून टाका, नाहीतर मुळं धरायच्या वर्षी झाडाची ताकद फळांत जाते आणि ते तिथेच खुंटतं. मुलं ऐकतच नसतील तर एकच ठेवा, आणि तेही जाड फांदीवर, खोडाजवळचं.