ताळेबंदातील मालसाठ्याचा कल वाचताना या चुका टाळा

ताळेबंदात मालसाठ्याचा आकडा एका ओळीत उरकलेला असतो, आणि बहुतेक चुका त्या एका ओळीवर विसंबल्यामुळेच होतात. साठा वाढला की विक्री मंदावली आणि घटला की कारभार सुधारला, हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

सर्वांत नेहमीची चूक भाजक निवडताना होते. साठा सहसा खरेदीच्या किंवा उत्पादनाच्या खर्चाने नोंदलेला असतो, तर विक्रीच्या रकमेत नफाही मिसळलेला असतो. म्हणून साठ्याचे दिवस, म्हणजे हातातला माल किती दिवस पुरेल हे काढताना साठ्याला विक्रीने नव्हे, तर विकलेल्या मालाच्या खर्चाने भागून ३६५ ने गुणावे. समजा, विक्री १,१००, विकलेल्या मालाचा खर्च ७७० आणि वर्षअखेरचा साठा २१० आहे. विक्रीने भागल्यास साठा ७० दिवसांचा दिसतो. खर्चाने भागल्यास जवळपास १०० दिवसांचा निघतो. वर्षारंभीचा साठा १४० असेल, तर सरासरीवरून उत्तर ८३ दिवस येते. मात्र वर्षाच्या उत्तरार्धात साठा झपाट्याने फुगला असेल, तर सरासरी नेमके तेच झाकते. हंगामी धंद्यात तिमाहीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करावी.

हिशेबासोबतची टिपणे न वाचणे ही दुसरी चूक. तेथे कच्चा माल, प्रक्रियेतील माल आणि तयार माल अशी विभागणी सहसा मिळते. केवळ कच्चा माल वाढला असेल, तर कंपनीने भाववाढीच्या धास्तीने आगाऊ खरेदी केलेली असू शकते. तयार माल विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल, तर माल पडून असल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

सर्वांत फसवी असते ती अशा वेळी वाढलेली ढोबळ नफ्याची, म्हणजे विक्रीतून विकलेल्या मालाचा खर्च वजा जाता उरणाऱ्या नफ्याची टक्केवारी. कारखान्याचा स्थिर (उत्पादन कमी-जास्त झाले तरी न बदलणारा) खर्च ६०० असेल आणि १०० नग बनवून सगळे विकले, तर प्रत्येक नगावर ६ खर्च बसतो. विक्री तेवढीच ठेवून १२० नग बनवले, की हा खर्च ५ वर येतो आणि न विकलेल्या २० नगांसोबत १०० एवढा खर्च ताळेबंदात जाऊन बसतो. एकही नग जास्त न विकता नफा १०० ने वाढतो! म्हणून साठ्याचे दिवस आणि नफ्याची टक्केवारी एकत्र वाढत असतील, तर आनंद मानण्याआधी उत्पादनाचे आकडे तपासावेत.

साठा घटणे म्हणजे माल विकला जाणे, असेही नव्हे. नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को या अमेरिकी कंपनीने २००१ मध्ये सुमारे २.२ अब्ज डॉलरच्या जादा साठ्याचे मूल्य हिशेबातून उतरवले होते. असे मूल्य उतरवल्यावर पुढील काळात साठ्याचे दिवस आपोआप कमी दिसतात, आणि मूल्य उतरवलेला माल नंतर विकला गेला तर त्यावरचा नफाही अवास्तव मोठा भासतो.

दोन कंपन्यांची तुलना करण्यापूर्वी मूल्यांकनाची पद्धत पाहावी. शेवटी आलेला माल आधी विकला असे धरण्याची पद्धत अमेरिकेच्या लेखानियमांत चालते, आंतरराष्ट्रीय लेखामानक २ मध्ये नाही. भाव चढते असताना या पद्धतीने साठा कमी दिसतो.

दोन ताळेबंदांमधील साठ्याचा फरक रोकड प्रवाह पत्रकातील आकड्याशी जुळला नाही, तर लगेच गैरव्यवहाराचा तर्क करू नये. वर्षभरात दुसरी कंपनी ताब्यात घेतली असेल किंवा परदेशी उपकंपन्यांच्या चलनांचे दर बदलले असतील, तर हा फरक पडतोच. त्याचे कारण आधी कंपनी ताब्यात घेतल्याविषयीच्या टिपणात शोधावे.